आधी त्याला कुणीतरी नमस्कार करा

"मॅडम, खुणा शिकवल्या तर तो बोलायचाच नाही ना?"

गोव्यात फोंड्याला ज्या खोलीत मी ऐकू न येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटते, तिथे हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. पेडण्याची आई असो, डिचोलीची असो की काणकोणची, मुलाला ऐकू येत नाही हे कळल्यावर तिच्या मनात पहिली भीती हीच येते. तिच्या मागोमाग घरातली आजी दुसरी काळजी पुढे करते. पोराला वळण नाही, आल्यागेल्याला साधा नमस्कारही करत नाही. दोन्ही काळज्या एकाच घरात भेटल्या, त्या घराबद्दल आज लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला बाबू म्हणू.

बाबू साडेचार वर्षांचा होता. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही हे कळेपर्यंत अडीच वर्षं गेली होती. दोन्ही कानांना मशीन होतं आणि आठवड्यातून दोनदा बोलण्याचे धडे चालू होते. पहिल्याच भेटीत आजीने त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं, त्याचे दोन्ही हात पकडून जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "कर नमस्कार!" बाबूने हात सोडवून घेतले आणि तो सरळ टेबलाखाली जाऊन बसला.

"बघितलंस ना, बाये? असा उद्धट."

आईने मान खाली घातली. लोक तिला काय काय म्हणत असतील, ते मला तेवढ्यावरून कळलं.

आधी खुणांच्या भीतीबद्दल बोलले. ही भीती तुमच्या घरात जन्मलेली नाही, असं मी आईला सांगितलं. १८८० साली मिलानमध्ये बधिर मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. मुलांना तोंडी भाषाच शिकवावी, खुणा मागे सोडाव्यात, असा ठराव तिथे झाला. त्यापायी पुढे कित्येक पिढ्यांचे हात वर्गात बांधल्यासारखे राहिले. त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडलं, तेही व्हँकूवरच्या परिषदेत. खुणांनी बोलणं खुंटतं, याला आधार नाही. मूल गप्प पडतं ते भाषाच न मिळाल्याने. हाताने का होईना, एक भाषा वेळेवर मिळाली की दुसरीला उभं राहायला जमीन मिळते. बाबूचं मशीन आणि त्याचे बोलण्याचे धडे बंद करा, असं मी कधीच म्हटलं नाही. आजही कुणाला म्हणत नाही.

वळणाची गोष्ट मात्र सांगून सुटणारी नव्हती. मी पहिल्यापासून मुलाच्या आधी घराकडे बघते. त्याबद्दल माझ्यावर टीकाही झाली आहे, पण अनुभवाने माझा हा विश्वास वाढतच गेला. तिसऱ्या भेटीत मी एवढंच विचारलं, "सकाळी बाबू उठतो तेव्हा काय काय होतं?"

आई म्हणाली, "मी पांघरूण ओढते. मशीन लावते. दात घासायला नेते. चहा, उंडे-पाव. मग शाळा."

"त्याला 'उठलास का रे राजा' असं कोण म्हणतं?"

"त्याला कुठे ऐकू येतं?"

"शाळेतून आल्यावर?"

"बूट काढ म्हणून खूण करते."

"पाहुणे घरी आले की ते त्याला नमस्कार करतात?"

कुणीच काही बोललं नाही. मग आजी हळूच म्हणाली, "त्याच्याकडे बघून हसतात. मग आमच्याशी बोलतात."

हा क्षण मी विसरणार नाही. बाबूला घरात खुणा येत होत्या: ये, बस, जेव, नको, थांब. सगळ्या हुकमाच्या. साडेचार वर्षांत त्याला कुणी नमस्कारच केला नव्हता. ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर दिवसातून पन्नास वेळा 'या, बसा', 'येतो हं', आणि आभाराचं आपलं कोंकणी 'देव बरें करूं' पडत असतं. ते त्याच्याशी बोललेलं नसलं तरी त्याच्यात मुरतं. बाबूच्या डोळ्यांपुढे यातलं काहीच घडलं नव्हतं. जे त्याला कधी मिळालंच नाही, ते आम्ही त्याच्याकडे मागत होतो.

मी पंधरा दिवसांसाठी एकच नियम घातला. बाबूला कुणी 'कर' म्हणायचं नाही, त्याचे हात धरायचे नाहीत, हनुवटीला तर हातच लावायचा नाही. त्याचं लक्ष हवं असेल तर खांद्यावर हलकं थोपटायचं, लांबून हात हलवायचा किंवा दिव्याचं बटण दोनदा दाबायचं. त्याची नजर आपल्यावर आली की मगच खूण करायची. दोन्ही हात जोडून नमस्कार. हनुवटीपासून उघडा तळवा समोर नेऊन आभार. अंगठा वर करून छान. एवढंच. आणि चेहरा कोरा ठेवायचा नाही, कारण या भाषेचं निम्मं बोलणं चेहऱ्यावर असतं. हो की नाही असा प्रश्न असेल तर भुवया उंचावतात. त्या खाली राहिल्या तर प्रश्नाचं साधं विधान होतं.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली, ती फार कुणाच्या लक्षात येत नाही. गोव्याच्या घरात पाहुणा सोप्यावर, म्हणजे पुढच्या बैठकीच्या जागेत, दाराकडे पाठ करून बसतो. मागून उजेड, म्हणून तोंड काळोखात. पावसात वीज गेली की सगळंच काळोखात. बाबू तेव्हाच जास्त 'मस्ती' करायचा, असं आईला आठवलं. अंधारात त्याची सगळी माणसं एकदम गप्प होत होती, आणि याला घरचे मस्ती म्हणत होते.

नियम मनापासून पाळला तो आजीने, ज्या आजीची मला धास्ती होती. रोज पहाटे ती त्याच्या पायथ्याशी बसायची, तो डोळे उघडेपर्यंत थांबायची आणि मग हात जोडून हसायची. पहिले काही दिवस तो नुसता बघत राहिला. आईने फोन केला, "मॅडम, काही होत नाही." मी म्हटलं, "होतंय. तो बघतोय ना?"

अकराव्या दिवशी सायकलवरून पाव विकणारा पोदेर आला. बाबूला भोंपू ऐकू येत नाही, पण सायकल त्याला लांबून दिसते. आजीने उंडे घेतले आणि पोदेराकडे बघून हनुवटीपासून हात पुढे नेला. पोदेर गोंधळला. बाबू आजीच्या पदराआडून बाहेर आला, आधी आजीकडे, मग पोदेराकडे बघितलं आणि स्वतःचा तळवा हनुवटीला लावून पुढे नेला. वर तोंडाने 'दे' असा आवाजही काढला. कुणीही न सांगता पोदेरानेही हनुवटीला हात लावला.

आई फोनवर हे सांगताना रडत होती. 'दे' म्हणजे 'देव' असेल का, असं तिने मला विचारलं. असेल, म्हटलं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी मोबाइलवरची परदेशी खुणांची गाणी आधी बाजूला ठेवावीत. आपली भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द तिच्यात शेवटी येतो. 'तुझं नाव काय' मधला 'काय' आपल्या मराठीसारखाच. दिल्लीला २०१५ साली तिच्यासाठी केंद्र सरकारचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्याच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, २०२१ पर्यंत १०,००० झाले, आणि खुणांचे व्हिडिओ फुकट बघता येतात. प्रदेशाप्रमाणे काही खुणा बदलतात, त्याचा बाऊ करू नका. जमलं तर जवळपासच्या एखाद्या मोठ्या कर्णबधिर माणसाला घरी चहाला बोलवा. त्याच्यापुढे तुमचं मूल हात कसे चालवतं ते बघत बसा. असं दृश्य मी पाहिलेलं आहे, म्हणून सांगते.

आणि घरातल्या सगळ्यांनी शिका. एकटी आई शिकली तर ती जन्मभर दुभाषी होऊन बसते.

त्या वर्षी गणेश चवथीला मी त्यांच्याकडे गेले होते. गणपतीच्या वर फळापानांनी सजवून टांगलेल्या माटोळीखाली पाहुण्यांची दाटी होती. कुणीतरी विचारलं, हे हातवारे कसले? आजी ताठ मानेने म्हणाली, "आमच्या घरात असाच नमस्कार करतात." तेवढ्यात मुंबईहून आलेला मामा दाराकडे पाठ करून उभा राहिला आणि बाबूला हात जोडले. बाबूने त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग मामाचा हात धरला, त्याला ओढत समईच्या उजेडात आणून उभं केलं, दोन पावलं मागे गेला आणि हात जोडले.