जुनी पोर्शे बॉक्स्टर (स्पोर्ट्स कार) विकत घ्यायला बघायला जाण्याआधी

आदल्या रात्रीच मालकाला सांग, मी आल्याशिवाय गाडी चालू करू नका. पोचलास की सायलेन्सरजवळ हात ने. गरम लागला तर चहा पी आणि दुसऱ्या दिवशी परत जा. बॉनेट उघडून काही कळणार नाही, तिथे सामानाची जागा आहे. इंजिन सीटच्या मागे. गार इंजिन चालू होताना जरासा धूर चालतो, पण निळा धूर थांबतच नसेल तर सौदा विसर. 2008 किंवा त्याआधीचं मॉडेल असेल तर आयएमएस बेअरिंग (इंजिनच्या आतल्या एका शाफ्टचं बेअरिंग, ते तुटलं तर इंजिनच जातं) बदललंय का, ते बिलासकट विचार. तोंडी 'सगळं झालंय' मी धरत नाही.

मग सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ असेल, तर गाडी बहुतेक पाण्यात उभी होती. मी एकदा ती रेघ बघितली नाही आणि वर्षभर वायरिंग करत बसलो.

टायरवरचे चार आकडे वाच. 2319 म्हणजे टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलाय.

ट्रायल नुसती नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर नको, तिथे कुठलीही गाडी छान पळते. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत खडखड ऐक, मग लिफ्टवर चढव. आणि मेकॅनिक तुझा ने, मालकाच्या ओळखीचा नको.