यादी लांबलचक आहे, आधी एकच धर

तुझी नव्या वर्षाच्या संकल्पांची यादी वाचली. वजन, एमपीएससी, गिटार, कर्जफेड, शिवाय इंग्रजी! हुरूप चांगलाय, पण सगळं एकदम काढलंस तर फेब्रुवारीत वही माळ्यावर जाईल. आत्ता एकच धर. कुणी कौतुक केलं नाही तरी तुला करावंसं वाटेल ते. चुलतभावाचं बघून लिहिलेलं आधी खोड.

मग त्याला वार आणि वेळ दे. 'फिट व्हायचंय' म्हणून काही होत नाही. 'सोम-बुध-शुक्र, सकाळी सहाला अजिंक्यतारा चढायचा' हे होतं. दम टिकायला लागला की सातारा हिल हाफ मॅरेथॉनचं बघ. २१ किलोमीटर आहे आणि मध्ये यवतेश्वरचा घाट. तिथं नुसता जोश पुरत नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथं:
- पहिल्याच आठवड्यात भारी शूज आणि घड्याळ घेणं. जुने बूट चालतात, फक्त तळ घसरता नको.
- गावभर सांगत सुटणं. एकालाच सांग, जो रविवारी तोंडावर विचारेल.
- एक खाडा झाला की सगळंच सोडणं. आपल्याकडच्या पावसात खाडे होणारच. लागोपाठ दोन होऊ देऊ नकोस, बास.

पाच वर्षांचा आराखडा वगैरे नंतर बघू. आधी कुठलं एक धरलंस ते कळव.