वाचकांचे प्रश्न: दुप्पट लावत गेलं तर हाउस एज जातो कुठे?

प्रश्न: मी मार्टिंगेल सिस्टीम स्प्रेडशीटवर टेस्ट केली. एक झिरोवालं रूलेट (फिरत्या चाकावर बॉल कुठल्या खणात पडतो त्यावर पैसे लावायचा कॅसिनोतला खेळ), लालवर १ युनिट, हरलो की दुप्पट, जिंकलो की ती सिरीज संपली, परत १ पासून. सलग १० हार आल्या की टेबल लिमिट (एका डावावर लावता येणारी कमाल रक्कम) लागली असं धरून ती सिरीज तिथेच बंद. अशा ४०० सिरीज चालवल्या, सलग १० हार एकदाही आल्या नाहीत आणि बरोब्बर ४०० युनिट नफा आला. मग हाउस एज, म्हणजे लावलेल्या रकमेतला कॅसिनोचा सरासरी वाटा, कुठे गेला? खऱ्या पैशाने सुरू करायचा विचार आहे.

उत्तर: आधी एक विनंती, हे पूर्ण वाचून होईपर्यंत खरा पैसा लावू नका. तुमची शीट चुकलेली नाही, फक्त ज्या घटनेत सगळा तोटा भरलेला आहे ती घटना अजून शीटमध्ये आलेलीच नाही.

३७ खणांपैकी १८ लाल, म्हणजे एका स्पिनला हरायची शक्यता १९/३७. हे लागोपाठ १० वेळा व्हायची शक्यता साधारण ७८४ मध्ये १. आता ४०० सिरीजमध्ये ते एकदाही न होण्याची शक्यता काढा, ती येते ६० टक्के! म्हणजे तुमच्यासारखी टेस्ट दहा जणांनी केली तर त्यातल्या साधारण सहा जणांना हाच ४०० चा नफा दिसणार आणि सहाही जणांना वाटणार की सिस्टीम चालते. आणि ती सिरीज येते तेव्हा १ अधिक २ अधिक ४ करत ५१२ पर्यंत, एकूण १०२३ युनिट जातात, ते पण प्रत्येक वेळी १ युनिट मिळवायच्या नादात.

तुमच्या शीटमध्ये एक कॉलम कमी आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच, एकूण किती पैसे डावावर लागले. आपल्याला वाटतं आपण १ युनिटचा खेळ खेळतोय, पण दुप्पट करत गेल्यामुळे एका सिरीजमध्ये सरासरी ११.३ युनिट टेबलावर जातात. सरासरी तोटा काढला तर सिरीजमागे ०.३०६ युनिट. आता याला ११.३ ने भागा. २.७ टक्के, म्हणजे १/३७, म्हणजे अगदी तोच हाउस एज जो साधं १-१ युनिट खेळल्यावर लागतो. तो कुठेही गेला नव्हता, टर्नओव्हरमध्ये, म्हणजे डावावर लागलेल्या एकूण रकमेत, बसला होता.

टेस्ट परत करायची तर १००० सिरीजचं एक सेशन धरा आणि अशी हजारो सेशन्स चालवा, एकाच सेशनवर विश्वास ठेवू नका. साधारण २८ टक्के सेशन्समध्ये पूर्ण १००० चा नफा दिसेल, ३६ टक्क्यांमध्ये एक मोठी हार येऊन २४ युनिटचा किरकोळ तोटा, आणि उरलेल्या ३६ टक्क्यांमध्ये १०४८ किंवा त्याहून जास्त तोटा. सगळ्यांची सरासरी उणे ३०६. फक्त "किती सेशन्स जिंकली" एवढंच मोजलं तर हे कधीच कळत नाही, आणि बहुतेक जण नेमकं तेवढंच मोजतात.

प्रश्न: मार्टिंगेल फार डेंजर आहे मान्य, पण फिबोनाची (हरलो की रक्कम १, १, २, ३, ५ अशी वाढवायची) किंवा दालांबेर (हरलो की १ ने वाढवायची, जिंकलो की १ ने कमी करायची) हळू वाढतात, ते जास्त सेफ नाही का?

उत्तर: चढउतार कमी होतात हे खरं, टक्का तोच राहतो. बॉल पडायच्या आधी तुम्ही जी काही रक्कम ठेवता तिच्यावर सरासरी २.७ टक्के जाणार, मग ती रक्कम कुठल्याही नियमाने ठरवलेली असो. तोट्याच्या डावांची कशीही बेरीज केली तरी तोटाच येणार. टक्का बदलतो तो टेबलच्या नियमाने. डबल झिरो (चाकावर ० आणि ०० असे दोन खण) असेल तर ५.२६ टक्के, आणि ला पार्ताज नियम असेल, म्हणजे झिरो आल्यावर लाल-काळ्यावरची अर्धी रक्कम परत, तर त्या डावांवर १.३५ टक्के. सिस्टीम शोधण्यात जेवढा वेळ जातो त्यातला थोडा जरी टेबलचे नियम वाचण्यात घातला तरी जास्त फरक पडेल.

प्रश्न: सलग ६ काळे येईपर्यंत थांबायचं आणि मग लालवर प्रोग्रेशन (हरलो की रक्कम वाढवत जाणं) सुरू करायची, हे टेस्ट केलंय का कोणी?

उत्तर: १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत काळा सलग २६ वेळा आला, आणि "आता तरी लाल येईलच" म्हणून लालवर रकमा वाढवत गेलेल्या लोकांचे प्रचंड पैसे बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नाही. तुमच्या शीटमध्ये सहा काळ्यांनंतरचे स्पिन फक्त वेगळे काढा आणि त्यात लाल किती आले ते मोजा, ४८.६ टक्क्यांच्या आसपासच येतील.

प्रश्न: माझ्याकडे १०० युनिट आहेत, त्याचे २०० करायचेत. सावकाश १-१ लावत गेलो तर चान्स जास्त ना?

उत्तर: उलट आहे, आणि हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. सगळे १०० एकदम लालवर लावले तर २०० व्हायची शक्यता ४८.६ टक्के. १-१ युनिट लावत २०० किंवा शून्य होईपर्यंत खेळलात तर २२४ मध्ये फक्त १, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. कारण परत तेच, एकदम लावलं तर एकूण १०० युनिटच टेबलावर जातात, सावकाश खेळलं तर तेच १०० युनिट पुन्हा पुन्हा फिरतात आणि प्रत्येक फेरीला २.७ टक्के कापले जातात. म्हणून एकदम लावा असं मी सांगत नाहीये, त्यातही हरायची शक्यता निम्म्यापेक्षा जास्तच आहे. पण शीटवर दोन्ही चालवून शेजारी टर्नओव्हरचा कॉलम ठेवा, तोटा त्याच्याच मागे मागे वाढत जाताना दिसेल.