पेपर देऊन आल्यावर अढी का सुटते?

ताई, सप्रेम नमस्कार.

साताऱ्याहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी सायन्सला, नीटची तयारी चालू, आणि लहानपणापासून दोरीच्या मल्लखांबावर. रविवारी तीन तासांची टेस्ट देऊन ती थेट सरावाला गेली, रोजची साधी अढी, म्हणजे पायांनी दोरीला घातलेली पकड, सुटली आणि घोटा मुरगळला. घरचे म्हणतात, खेळ बंद करा. ती मात्र विचारते, ‘डोकं दमलं की पाय का ऐकत नाहीत? यावर काही शिकता येतं का?’

तिचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. तोल सांभाळायला डोळे, कानाच्या आतला अवयव आणि स्नायू-सांध्यांतून येणारी जाणीव असे तिघे लागतात. या तिघांचा मेळ मेंदू घालतो. हे आपोआप होतं असं आपल्याला वाटतं, पण त्यातही थोडं लक्ष खर्च होत असतं. घोटा पूर्ण बरा झाला की तिला भिंतीजवळ, फरशीच्या रेषेवर एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकवून उभं करा. मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगा, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... तिच्या घोट्याकडे आणि हातांकडे बघत राहा. बहुतेक वेळा एक तर आकडा अडतो, नाहीतर हात बाजूला जातो.

तरुणांमध्ये हे नेहमी एकाच दिशेनं घडत नाही, आणि मला यातलं हेच सर्वांत रंजक वाटतं. नुसतं उभं असताना हलकं बौद्धिक काम दिलं तर काही जणांचं डोलणं उलट कमी होतं. काम अवघड झालं, किंवा पायाखालचा आधार अस्थिर असला, की ते वाढू शकतं. दोरीवर तर आधार सतत हलतो, त्यात मेंदू थकलेला. म्हणून अढी सुटली म्हणजे मुलगी बेफिकीर, असं कृपा करून म्हणू नका.

म्हातारपणी याच गोष्टीला फार महत्त्व येतं. १९९७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की चालताना बोलायची वेळ आली की जे वृद्ध थांबतात, ते पुढच्या काळात जास्त पडतात. आपल्या घरातले आजी-आजोबा आठवा. असा तोल तपासणं आणि सुधारणं हे फिजिओथेरपिस्टचं रोजचं काम आहे.

माझा कौल तिकडेच आहे. महाराष्ट्रात बीपीटीएचचा, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा, प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतो, तेव्हा आत्ताचा अभ्यास वाया जात नाही. साताऱ्याहून कराड जवळ, तिथे कृष्णा अभिमत विद्यापीठाचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. पुढे एमपीटीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, न्यूरो किंवा स्पोर्ट्स घेता येतं. कानाच्या बाजूनं जायचं असेल तर ऑडिओलॉजी, म्हणजे श्रवणशास्त्र; त्याची पदवी बीएएसएलपी. त्यासाठी म्हैसूरची १९६५ साली सुरू झालेली केंद्रीय संस्था नावाजलेली आहे. ‘एमबीबीएस नाही मिळालं म्हणून फिजिओ’ हे वाक्य मात्र घरात उच्चारू नका. जिनं स्वतःच्या शरीरात हा प्रश्न पकडलाय, तिच्यासाठी ती पहिली पसंती असू शकते. फॉर्म भरण्याआधी तिला एक दिवस एखाद्या फिजिओथेरपी विभागात परवानगी काढून बसवा. पक्षाघातानंतर पुन्हा चालायला शिकणारा माणूस तिनं जवळून पाहू दे, मग तिचं मन तिलाच कळेल.

खेळ बंद करू नका, वेळ बदला. सराव सकाळी, अभ्यासाआधी. टेस्टच्या दिवशी दोरीला सुट्टी, फार तर जमिनीवर ताणाचे व्यायाम. नवी, अवघड पकड ताज्या डोक्यानंच, आणि खाली मॅट हवीच. एरवीही चक्कर येत असेल किंवा कान वाजत असतील, तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

आणि तिला एक वही द्या. सरावाआधी किती तास अभ्यास झाला, झोप किती झाली आणि त्या दिवशी अढी कितीदा सुटली, एवढंच रोज लिहायचं. दोन महिन्यांनी ती वही घेऊन दोघी मला भेटायला या.