स्ट्रॅट गिटारचा (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) ट्रेमोलो, म्हणजे सूर वरखाली हलवणारी ब्रिजवरची दांडी, वापरला की ट्यूनिंग जातं, रोलर नट (तार सहज सरकावी म्हणून रोलर असलेला नट) बसवू का?

आधी दोष नटचाच (नेकच्या टोकाशी तारांसाठी खाचा असलेली पट्टी) आहे का ते बघा. ट्यून करताना 'टिक्' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकतेय. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. फरक पडला तर रोग नटचाच. ट्रेमोलो नसेल तर रोलर नट हा फुकटचा खर्च.

गिटारवादक जेफ बेकच्या नावाच्या सिग्नेचर स्ट्रॅटवर असतो तो एलएसआर हा रोलर नट नेहमीच्या नटपेक्षा रुंद असतो, त्यामुळे नेकचं (गिटारच्या मानेचं) लाकूड कापावं लागतं. ते परत जोडता येत नाही, म्हणून कापण्याआधी मोजा: 25.5 इंच स्केलला (नट ते ब्रिज, म्हणजे तारेच्या दोन टेकूंमधलं अंतर) नटवर तार टेकते त्या बिंदूपासून बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरची धातूची आडवी पट्टी) 323.85 मिमी. इथे चुकलं तर पहिल्या दोन-तीन फ्रेट्स कायम बेसूर, ब्रिजवरून ते सुटत नाही.

जुना नट काढताना कडेचं लॅकर ब्लेडने कापून घ्या, नाहीतर टवके उडतात. नवा बसवल्यावर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर केसभर फट हवी. तार टेकली तर नटखाली पातळ शिम (चकतीसारखी पट्टी) घाला.

स्ट्रिंग ट्री (नटच्या पुढे तार खाली दाबून धरणारा हुक) तशीच ठेवलीत तर घर्षण तिथे होणारच. ती काढून उतरत्या उंचीचे लॉकिंग ट्यूनर (तार घट्ट पकडून ठेवणाऱ्या खुंट्या) लावा.