साडभावाची उसनवारी, न उगवलेलं सोयाबीन आणि अडवलेली पांदण

प्रश्न : वकीलसाहेब, २०२४ च्या अक्षय तृतीयेला साडभाऊ घरी आला, पोरीचं लग्न अडलं म्हणे. कापसाचे ८५ हजार घरात होते, नगदी दिले. वहीच्या कागदावर चिठ्ठी आहे, सही त्याची. आता फोन केला का "सोयाबीन निघू द्या, देतो" म्हणते. मधात ५ हजार फोनपेवर टाकले. ठाणेदार म्हणे हे आमचं काम नाही. लहान रकमेसाठी वेगळं कोर्ट असते म्हणतात, ते कुठं आहे? आणि बायको म्हणते, माह्या बहिणीवर केस केली तर पाहा.
– एक शेतकरी, दारव्हा तालुका

उत्तर : भाऊ, ठाणेदार बरोबर बोलला. उसने पैसे वसूल करून देणं पोलिसांचं काम नाही, हा दिवाणी मामला आहे. वेगळं कोर्ट शोधत फिरू नका, लघुवाद न्यायालय मुंबई-नागपूरसारख्या मोठ्या शहरात आहे, आपल्याकडे तालुक्याचे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर हेच ८ हजाराचाही दावा ऐकतात आणि ८५ हजाराचाही. साडभाऊ दुसऱ्या तालुक्यात राहत असला तरी पैसे तुमच्या घरी दिले ना, मग दावा तुमच्या तालुक्यातही चालतो.

आता खरी गोष्ट, तारीख. उसन्या पैशाचा दावा टाकायला मुदत ३ वर्षं आणि ती पैसे दिले त्या दिवसापासून मोजतात, तो शेवटचं "देतो" म्हणाला त्या दिवसापासून नाही. तुमची १० मे २०२७ ला संपते. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते, सुट्टीत मुदत संपली तर कोर्ट उघडेल त्या पहिल्या दिवशी दावा टाकता येतो, पण भाऊ एवढ्या काठावर कशाला जायचं. मागं एक काका माझ्या टेबलावर चिठ्ठी घेऊन आले, पिशवीत पिशवी, तिच्यात अजून एक पिशवी, वरून रबर. कागदाला सुरकुती नाही, फक्त ३ वर्षं आणि १७ दिवस झालेले. म्हणाले साहेब, उशीर माफीचा अर्ज टाका. तो अपिलाला चालतो, दाव्याला नाही. काकांनी परत तीनही पिशव्या बांधल्या.

५ हजार फोनपेवर आले म्हणून मुदत वाढली असं धरू नका. देणाऱ्याच्या हातचं लिखाण किंवा सही असेल तरच तो फायदा मिळतो, नुसत्या एन्ट्रीवर भांडायला वकिलाले मजा येते, तुम्हाले नाही. त्यापेक्षा या पोळ्याले साडभाऊ आला की चहा पाजून एका कागदावर लिहून घ्या, "८५ हजारातले ५ दिले, ८० बाकी", तारीख, सही. मुदत संपायच्या आत असं लिहून घेतलं की त्या दिवसापासून नवी ३ वर्षं सुरू. व्हॉट्सॲपवर त्याने कबूल केलं असेल तर मेसेज डिलीट करू नका, नुसती प्रिंट चालत नाही, सोबत नव्या साक्ष्य कायद्याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं.

व्याज लावलं का ते तुम्ही लिहिलं नाही. नात्यात एकदा दिलेले पैसे म्हणजे सावकारी नव्हे, पण समोरचा वकील हमखास तेच म्हणेल, आणि तुम्ही खरंच गावभर व्याजाने वाटत असाल तर लायसन्सशिवाय कोर्ट हुकूमनामा देत नाही.

दावा स्वतः चालवता येतो, वकील सक्तीचा नाही, तरी दावा लिहायला वकीलच बघा, कोर्टासमोर कडुनिंबाखाली बसलेल्या टायपिंगवाल्याच्या भरवशावर तारखा टाकू नका. समन्स मिळाल्यावर साडभावाला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९०. मग पेशी, बयान, पेशी. शेवटी हुकूमनामा हाती पडला तरी पैसे हाती पडत नाहीत, त्यासाठी वेगळी दरखास्त लावावी लागते आणि तिथं लोक रडतात. शेतकऱ्याचे कामाचे बैल, अवजारं, बियाणं, राहतं घर जप्त होत नाही. बँकेत काय आहे, मोटरसायकल कोणाच्या नावावर, सातबारा कोणाचा, हे आधी बघा.

म्हणून माझं मत, आधी तालुका विधी सेवा समितीत दाखलपूर्व अर्ज द्या आणि लोकअदालतीत बसा. तिथं चार हप्ते ठरले तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही. दावा आधीच टाकला असेल आणि तिथं मिटला तर कोर्ट फी परत. वहिनींना सांगा, ही केस नाही, बैठक आहे.

प्रश्न : चार बॅगा सोयाबीन पेरलं, निम्मंही उगवलं नाही. दुकानदार म्हणे पाऊस कमी पडला. तालुक्याच्या कोर्टात जाऊ का?
– एक शेतकरी ताई, जिल्हा वाशीम

उत्तर : ताई, तालुक्याला नको, जिल्हा ग्राहक आयोगात जा. शेतकरी बियाण्याचा ग्राहकच आहे, हे सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच सांगितलंय. मुदत २ वर्षं, आणि बियाण्याला दिलेले पैसे ५ लाखांच्या आत असले की फी शून्य. पण त्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या, समिती शेतात येऊन पंचनामा करू द्या, मगच दुबार पेरणीचं बघा. वखर फिरला की पुरावा गेला. बिल, रिकामी बॅग आणि बॅगेवरचा लॉट नंबरचा टॅग जपा, बॅगेत मिरच्या भरून ठेवू नका (हसू नका, हे मी पाहिलंय). बाईमाणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, १५१०० ला फोन लावा.

प्रश्न : शेजाऱ्याने पांदण नांगरली, बंडी जात नाही.
– वाचक, अचलपूर तालुका

उत्तर : आधी तहसीलदार. १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा यासाठीच आहे, वाट अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज पाहिजे. नांगरली कधी ते तुम्ही लिहिलंच नाही, ती तारीख आधी आठवा.