मासे जगवायला हॅचरी पुरेल का?

प्रश्न : ताई, आमच्या गावावरच्या पठारावर पंप्ड स्टोरेजचा, म्हणजे पाणी वर चढवून साठवायचं आणि खाली सोडून वीज करायची असा, वीजप्रकल्प येणार म्हणून मोजणी सुरू आहे. दोन तलाव होणार, एक पठारावर आणि एक खाली आमच्या ओढ्यावर बांध घालून. कंपनीचे साहेब ग्रामसभेत म्हणाले, "कोळसा कमी करायचा तर हे लागणारच. माशांची काळजी करू नका, आम्ही हॅचरी, म्हणजे माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र, काढून बीज सोडू." चुलते म्हणतात, विरोध केला तर गाव आडमुठं ठरेल. मला दोन्हीकडचं पटतं. काय करावं?
– एक वाचक, पाटण तालुका

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि चिपळूणजवळची अलोऱ्याची प्रकल्प-कॉलनी डोळ्यांपुढे आली. माझे वडील कोयना प्रकल्पात फिटर होते. त्या विजेवर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं. पाण्यापासून वीज करणं वाईट, असं माझ्या तोंडून कधी निघणार नाही.

पण त्याच कॉलनीतून मी चिपळूणची वाशिष्ठी नदी बघत मोठी झाले. कोयना ही कृष्णेला मिळणारी नदी. तिचं वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवतात, त्यावर 1900 मेगावॅटहून जास्त क्षमतेची यंत्रं फिरतात आणि ते अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी, वाशिष्ठीत येतं. शेजारच्या नद्यांचे उन्हाळ्यात डोह तेवढे उरतात, आमची नदी मात्र वाहती असते. चिपळूणला त्याचा आधार झाला, हे मी नाकारत नाही. मात्र ते पाणी ऋतूप्रमाणे येत नाही, विजेच्या मागणीप्रमाणे येतं. संध्याकाळी गावोगाव दिवे लागले की नदी चढायची, यंत्रं थांबली की उतरायची. पुढे प्राणिशास्त्र शिकवायला लागल्यावर मुलांना काठावर नेऊन उघडे पडलेले गोटे दाखवायचे. पाणी असताना त्यांच्या कडेला घातलेली अंडी पाणी उतरलं की उन्हात सुकून जातात.

पंप्ड स्टोरेजमध्ये ही चढउतार तर रोजचीच. दुपारी सौर वीज उतू जाते तेव्हा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज करायची. चढवायला जेवढी वीज लागते तिच्या साधारण तीन-चतुर्थांश परत मिळते. सूर्य मावळल्यावरही घरं उजळायची असतील तर अशी साठवण हवीच, हे मला मान्य आहे. म्हणून मी तुम्हाला "विरोध करा" असं सांगणार नाही. तुमच्या पत्रातले तीन शब्द मात्र मला खटकले : 'ओढ्यावर बांध घालून.' असे प्रकल्प वाहत्या पाण्यापासून बाजूलाही होतात. दोन्ही तलाव कोरड्या जागी खणायचे, पावसाळ्यातल्या पुराच्या पाण्यातून एकदा भरून घ्यायचे, मग तेच पाणी वरखाली फिरवायचं आणि बाष्पीभवनानं घटेल तेवढं दरवर्षी घालायचं. खर्च वाढेल, जागा शोधावी लागेल. तरी माझं मत पक्कं आहे : जिवंत ओढा अडवू देऊ नका.

कारण तुमच्या ओढ्यात काय आहे हे साहेबांपेक्षा तुमच्या चुलत्यांना जास्त ठाऊक असणार. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला की चढणीचे मासे लागतात ना? पोटात अंडी घेऊन मासे उलट्या धारेनं ओढ्यात, ओढ्यातून शेतात चढतात, तीच वलगण. बांध झाला की ती वाट तिथेच संपते. 'मळ्या' नावाचा मासा तोंडाच्या चकतीनं दगडाला चिकटून जोराच्या धारेत राहतो. साठलेल्या पाण्यात त्यानं कशाला चिकटायचं? आणि अहीर, म्हणजे सापासारखा लांब मासा, तर अंडी घालायला समुद्रात जातो, त्याची पिल्लं तिथून नदीत वर येतात. त्याला दोन्ही वेळा वाट मोकळी लागते.

आता हॅचरी. लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीजकंपनीनं 1970च्या दशकात महाशीर या मोठ्या नदीमाशाची हॅचरी सुरू केली. तिथल्या लोकांनी मोठ्या माशांची अंडी हातानं काढून लाखो पिल्लं वाढवली. काम मनापासून झालं, त्याबद्दल मला आदर आहे. पण इथला निळ्या पंखांचा महाशीर पुढे कावेरीतही सोडला गेला. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला उंचवटा असलेला, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. पाहुणा वाढत गेला, घरचा आटत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी हीही कारणं होतीच. 2018 साली त्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. म्हणून कुणी "बीज सोडू" म्हणालं की मी आधी विचारते : कुठल्या जातीचं, कुठल्या नदीचं, आणि ते अंडी कुठे घालणार?

याउलट महाड तालुक्यात काळ नदीवरचं वाळणकोंड बघा. तिथले महाशीर देवीचे म्हणून कुणी मारत नाही. डोह आहे, धार आहे, माणसांनी पाळलेला नेम आहे. त्यांना बीज सोडावं लागत नाही.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. जनसुनावणी लागली तर पर्यावरणीय परिणामांच्या 2006च्या सरकारी अधिसूचनेप्रमाणे किमान 30 दिवस आधी नोटीस निघायला हवी, आणि प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत मिळायला हवा. तो वाचताना माशांची पाहणी कोणत्या महिन्यात केली ते आधी बघा. एप्रिल-मे लिहिलं असेल तर चढण त्यांनी पाहिलेलीच नाही. पावसाळ्यातली पाहणी लेखी मागा. बांधाखाली दर महिन्याला किती पाणी सोडणार तेही लेखी मागा. उन्हाळ्यातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान 15 ते 20 टक्के पाणी नदीत राहिलं पाहिजे, असं हरित लवादानं 2017 साली सांगितलं आहे. माझ्या मते ते कमीच आहे, पण मुद्दा मांडायला धरून बसा.

आणि सुनावणीची वाट न बघता, या जूनमध्ये चुलत्यांना घेऊन ओढ्यावर जा. कुठल्या दिवशी, कुठल्या वळणावर, कोणते मासे चढले ते वहीत लिहा, फोटो काढा, वर ग्रामसभेचा ठराव करून घ्या. नाव कळलं नाही तर माशाचा आडवा फोटो शेजारी पट्टी ठेवून मला पाठवा. ओळखायला मी बसलेली आहे.